टोपीवालीने कॉल केला

प्रिय नीरजा,

हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग ठरव, मी रविवारी लक्ष्मीबाई नगरला तुमच्याकडे जेवायला यायचं की नाही. अक्षर माझंच आहे, कोंबडीचं नाही. दहावीनंतर एवढं लांब काही लिहिलंच नाही, यार.

तू विचारलं होतंस ना, ऑनलाइन पोकर टुर्नामेंटमध्ये रोज जिंकणारा मी द्वारकेच्या सोसायटीतल्या दिवाळी टुर्नामेंटमध्ये अर्ध्या तासात कसा उडालो? ऐक. ऑनलाइन मी नचिकेत नसतोच. विजयालक्ष्मी मावशीचा नऊवारीतला फोटो लावून खेळतो. सगळ्यांना वाटतं, ही बाई चांगले पत्ते आल्याशिवाय चिप्स लावणार नाही. मी फुकटच्या चिप्स बिनधास्त ढकलतो, लोक पटापट पत्ते टाकून पळतात. तिथे चेहरा नाही, म्हणून लोक वेळ बघतात, किती लावले ते बघतात. मग मी आधी दहा आकडे मोजतो, पोह्यांचा घास घेतो आणि बटण दाबतो. समोरच्याला वाटतं, मावशी खोल विचारात आहेत.

पण खऱ्या टेबलावर पोहे नसतात, तू असतेस! कान तापले, चिप्स हातातून सांडल्या. सत्ती-दुर्री घेऊन सगळं लावलं, वर मागे बसलेल्या मित्राला, मानसला, मराठीत म्हणालो, “गप बस, हातात ढेकळं आहेत, पण ही टोपीवाली घाबरते बघ.” आपल्या घरांतली सवयच ना ही. भाजीवाल्यासमोर, मेट्रोत, जे लपवायचं ते मराठीत बोलायचं, दिल्लीत कुणाला कळतंय! तू इतका वेळ पत्ते वाटणाऱ्या डीलरशी फाडफाड हिंदी बोलत होतीस, मला वाटलं पंजाबी असशील. तू टोपी वर केलीस, माझ्याइतक्याच चिप्स पुढे सरकवल्यास आणि म्हणालीस, “टोपीवाली घाबरली नाही, दादा. कॉल.” तुझ्याकडेसुद्धा नुसती एक राणी होती! मानस हसून हसून खुर्चीवरून पडला. बाकीचे विचारत राहिले, क्या बोली, क्या बोली. पहिल्या नंबरचा एअर फ्रायर तूच नेलास आणि जाताना मला नंबर दिलास. हरून एवढा खूश झालेला माणूस त्या सोसायटीने पाहिला नसेल.

त्यानंतरचे तीन आठवडे आपण फक्त मेसेजवर बोललो. सकाळी उठलो की आधी तुझा मेसेज बघतो, मग दात घासतो. पण मेसेजवर चेहरा दिसत नाही, नीरजा. तिथे मी फार भारी खेळतो.

नोएडाच्या सेक्टर बासष्टमध्ये आयटी कंपनीत टीम लीड आहे म्हणालो, ते खोटं. बिल्डिंग तीच, मजला तोच. मी तिथली कॉफीची मशीनं दुरुस्त करतो. कॉलेज दुसऱ्या वर्षालाच सुटलं. तू आईबाबांना टीम लीड येतोय म्हणून सांगितलंस, तेव्हा मी हे पत्र लिहायला बसलो. त्यांच्या समोर बसून श्रीखंड खात हे रेटणं मला जमणार नाही, आणि तुला तर फसवायचंच नाहीये. काम मात्र मी झकास करतो. तुमचा मिक्सर ट्रॅक्टरसारखा ओरडतो म्हणालीस ना? हो म्हणालीस तर रविवारी पाना घेऊनच येतो. नाही म्हणायचं असेल तरी मेसेज करू नकोस, फोन कर. तुझा आवाज ऐकायचाय.

तुझाच, पत्ते उघडे टाकून बसलेला,
नचिकेत