गिअरबॉक्सचं बुजवलेलं भोक

प्रिय मोठे बाबा,

आज सकाळी मोठी आई म्हणाली, “मले काय सांगून राहिला? त्यायले सांग.” म्हणून हे पत्र. तोंडी सांगायचं असतं तर मी नेहमीसारखा मधेच अडखळलो असतो. कागदावर निदान खोडता येतं.

आधी चांगली बातमी. आपल्या खुंट काढायच्या मशीनच्या गिअरबॉक्सचं ऑइल सील मी स्वतः बदललं. एकदा नाही, दोनदा! दोनदा का, तेच सांगायचं आहे.

तुम्ही गेल्यापासून मशीन शेडमध्ये उभी होती. मागच्या आठवड्यात बंडूभाऊंचा निरोप आला, की माझ्या संत्र्याच्या बागेतले तोडलेल्या झाडांचे अर्धे खुंट तसेच आहेत, ट्रॅक्टर अडतो, येऊन काढून द्या. ताडपत्री काढली, तर दातेरी चाकामागून तेलाचा काळा ओघळ थेट जमिनीपर्यंत. तुम्ही शेवटचं बसवलेलं सील गळतच होतं.

म्हटलं, उघडून पाहू. तेल काढलं, चाक उतरवलं, कोणता नट कुठला ते पुठ्ठ्यावर लिहिलं. (“हा पोरगा नटायची बी हजेरी घेते!” असं तुम्ही म्हणायचे ना?) मग तुमचं सील दिसलं आणि मी बघतच राहिलो. सगळीकडून सारखं खोल बसलेलं. कडेवर हातोडीचा एक डाग नाही. रबराच्या ओठावरून नख फिरवलं, कुठे चीर नाही. शाफ्टही गुळगुळीत. मग तेल येत होतं कुठून?

बांगडीपेक्षा लहान असं ते सीलचं कडं फिरत्या शाफ्टला नुसतं टेकतं आणि आतलं तेल धरून ठेवतं. कसं धरतं? मी कधी विचारलं नाही, तुम्ही कधी सांगितलं नाही. “पाह्य अन् शिक,” एवढंच. मोठे बाबा, सगळंच पाहून कळत नाही हो!

जे पाहिलं होतं ते केलं. शाफ्टच्या खाचेनं ओठ कापू नये म्हणून दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळला. ओठाला ग्रीस लावलं, स्प्रिंगची बाजू आत ठेवली, आणि तुमचाच तो पाइपाचा तुकडा धरून चारही बाजूंनी हळूहळू ठोकलं. मशीन चालवली. अर्ध्या तासात थेंब!

मी माझे हात समोर धरून पाहिले. अजिबात थरथरत नव्हते.

आणि मला बंडूभाऊंच्या बागेतला तो दिवस आठवला. तुम्ही दुसऱ्यांदा सील बदलून मशीन चालू केली होती आणि ताज्या भुशावर तेल ठिबकायला लागलं होतं. मजुरांसमोर बंडूभाऊ म्हणाले, “मिस्त्री, हात कापून राहिले आता तुमचे. पोराच्या हाती द्या पान्हे.” तुम्ही स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले आणि पान्हा मला दिला. मला वाईट वाटायला हवं होतं ना? मला आनंद झाला. आता मशीन माझी, असं वाटलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

त्यानंतर तुम्ही पान्ह्याला हात लावला नाही. तीन महिन्यांत छातीच्या दुखण्यानं गेलात.

तुमच्या डब्यातलं शिल्लक सील संपलं होतं, म्हणून दुसऱ्यासाठी अकोल्याला गेलो, जुन्या शहरातल्या सीलवाल्या चाचांकडे. मापात चूक नको म्हणून दोन्ही जुनी सीलं सोबत नेली, तुमचं आणि माझं. चाचांनी ती उजेडात धरली.

“ये किसने बिठाया?”

“मोठ्या बाबांनी.”

“और ये?”

“मी.”

“दोनों बराबर बैठे. होंठ साबुत है. फिर तू सील को काय कू गाली दे रहा? गिअरबॉक्स का हवा का सुराख खुला है क्या?”

“कसलं सुराख?”

“अरे मियाँ! गरम होगा तो अंदर की हवा फूलेगी के नई? ऊपर से रास्ता नई मिला तो सील में से निकलेगी, तेल को साथ लेके. तेरा नाक-मुँह बंद करके दौडाऊँ क्या, समझने के वास्ते?”

दुकानातली माणसं हसली. मी हसलो नाही. मला ते भोक माहीत होतं.

गेल्या उन्हाळ्यात मी मशीनला रंग दिला, आठवतं? तेव्हा गिअरबॉक्सवर एक बारीक भोक दिसलं. त्याची टोपी पडली होती, आजूबाजूला भुसा होता. आत कचरा जाईल या धास्तीनं मी पाइपाची गळती बुजवायचा मसाला मळला, भोक भरलं, पॉलिश पेपर मारला आणि वरून रंग दिला. इतकं नेटकं की तुमच्याही नजरेला आलं नाही. “नवीकोरी केली रे!” म्हणून तुम्ही पाठ थोपटली. गळती सुरू झाली ती त्यानंतर.

घरी आलो आणि नवीन सील बसवलं. मशीन गरम केली, बंद केली, आणि मसाला खरवडला. फुस्स करून हवा बाहेर आली! मग जाळीची नवी टोपी लावली, खाली वर्तमानपत्र अंथरलं आणि तासभर मशीन चालवली. दर पाच मिनिटांनी वाकून पाहत होतो. कागद कोरडा.

हे सगळं आज मोठ्या आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले.

“म्हंजे हात चांगले होते त्यायचे?”

“हो.”

“मंग दाढी कराची काहून सोडली होती? मले म्हने, वस्तरा धरवत नाही. तीन महिने मीच करून देल्ली.”

मला हे माहीतच नव्हतं, मोठे बाबा. मी समजत होतो, तुम्ही फक्त पान्हा सोडला.

तुम्हाला त्या भोकाचं कळलं असतं तर काय केलं असतं? शिव्या दिल्या असत्या? की आधी वाकून पाहिलं असतं आणि मग शिव्या दिल्या असत्या? त्या दिवशी बागेत मी पान्हा घेण्याऐवजी नुसतं “असं का होते?” म्हणून विचारलं असतं, तर आपण दोघांनी मिळून शोधलं असतं का? मला फार वाटतं, शोधलं असतं.

परवा मशीन घेऊन बंडूभाऊंच्या बागेत जायचं आहे. तेच मजूर असतील. वाक्य तयार केलं आहे: “मोठ्या बाबांचं काम बरोबर होतं. चूक मी केली होती.” चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की माझ्या तोंडाला कोरड पडते. पडू दे. सगळ्यांना ऐकू जाईल असं हे बोलल्याशिवाय मी मशीन सुरू करणार नाही. वचन देतो.

तुमचा,
मंगेश