एका बोल्टवरचे आजोबा

तीर्थरूप नीलाताईस,

शौनकचा साष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे तो हल्ली कंबरेपर्यंतच होतो, उरलेला तू धरून चाल). तुझी शुगर आटोक्यात असेल आणि तुझ्या अनन्याकडून, बंगळुरूहून, तुम्हा दोघांचा परतीचा प्रवास सुखाचा झाला असेल. पुण्यात पाऊल ठेवताच दिवाणखान्यातला तांब्याचा हंडा चोरीला गेल्याचं तुला दिसलं, हे परवा फोनवर कळलं. त्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी माझं गाऱ्हाणं ऐकून घे. ते फोनवर सांगता येत नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

गाऱ्हाणं असं, की माझा टॉवेल वाळत नाही.

हसू नकोस. माणूस पन्नाशी ओलांडतो तेव्हा त्याच्या हातात जगातलं फारसं काही उरलेलं नसतं, पण आपल्या गॅलरीच्या कठड्यावर आपला टॉवेल टाकण्याचा हक्क तरी असतो, असा माझा समज होता. आता तिथे होमगार्ड बसतो. कठड्याला मनगटाएवढा नायलॉनचा दोर बांधलाय आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला, खाली चौकात, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेले आपले आजोबा आहेत. वारा सुटला की ताडपत्री फडफडते, दोर कुरकुरतो, माझी दुपारची झोप मोडते. मी उठतो, गॅलरीत जातो, आजोबा आहेत ना बघतो, परत आडवा होतो, परत उठतो. आरती म्हणते, "आता तुम्हालाच एक दोर बांधायला पाहिजे."

हे असं झालं कसं, ते सांगतो. चौकातला आजोबांचा पुतळा काढावा, असा ठराव आपल्या नगरपालिकेनं केला, हे तुला ठाऊक आहे (तू त्या दिवशी फोनवर रडलीस आणि मग मला शिव्या दिल्यास, जणू ठराव मीच केला). ठराव मांडला नगरसेविका यशोधरानं. वकील आहे, पोरगी हुशार आहे, आणि तिचं म्हणणं सरळ आहे. पुतळ्याखाली लिहिलंय, ‘गावाला पाणी पाजणारे दत्तोपंत’. आजोबांनी नगराध्यक्ष असताना चौकात पहिला सार्वजनिक नळ आणला हे खरंच, आणि तो नळ अजून पुतळ्याच्या पायाशी चालू आहे. पण त्या नळावर यशोधराच्या पणजीला आणि अख्ख्या बौद्धवाड्याला त्यांनी पाणी भरू दिलं नाही, हेही तितकंच खरं. यशोधराची आजी कलाबाई त्या वेळी आईचा पदर धरून तिथं उभी होती. म्हातारीला एवढंच हवंय, की आपले डोळे मिटायच्या आत ते खालचं वाक्य तिथून गेलेलं दिसावं.

ठराव झाला, नागापूर एमआयडीसीतून क्रेन आली, इंजिनियर चेतन पाना घेऊन चौथऱ्यावर चढला. आजोबा चार बोल्टवर उभे. त्यानं तीन काढले. चौथ्याला पाना लावला तेवढ्यात त्याच्या मोबाईलवर मंत्रालयाचं पत्र आलं, की पुतळ्याला हात लावू नये, परिस्थिती जैसे थे ठेवावी.

आता ताई, तू गणिताची बाई, मला सांग, जैसे थे म्हणजे कुठले जैसे? चौथा बोल्ट काढला तर सरकारचा हुकूम मोडतो. तीन परत बसवले तर पालिकेचा ठराव मोडतो. चेतन बिचारा चौथऱ्यावर बसून दोन्हीकडे फोन करत राहिला. सरकार म्हणालं, रस्ता आमचा, म्हणून पुतळा आमचा. पालिका म्हणाली, चौक आमचा, म्हणून पुतळा आमचा. (मागं कावळ्यांनी आजोबांचं जे काही केलं होतं ते धुवायची वेळ आली, तेव्हा हेच दोघं पुतळा एकमेकांचा असल्याचं शपथेवर सांगत होते.) शेवटी क्रेनवाल्याचं भाडं चढायला लागलं, तो निघून गेला, आणि आजोबा कलायला लागले. समोर आमची गॅलरी. म्हणून दोर.

पहिल्याच सकाळी आरतीनं सवयीनं त्या दोरावर धुणं टाकलं. दहा वाजता खाली माणसं जमली, थोर पुरुषाच्या दोरावर परकर म्हणून घोषणा सुरू. घोषणा देणाऱ्यांपैकी निम्मे आजोबांना जुने सिनेमानट समजत होते. तेव्हापासून होमगार्ड. तो सज्जन आहे, चहा घेतो, माझ्यापेक्षा जास्त वेळ माझ्या गॅलरीत असतो.

मग सुनावणी लागली. टेबलाच्या एका बाजूला सरकारचे साहेब, दुसऱ्या बाजूला पालिकेचे, मधे पाण्याच्या बाटल्या. दोघांनी आळीपाळीनं मला विचारलं, कुटुंबाचं म्हणणं काय. मी म्हटलं, पुतळा न्यावा. सरकारचे साहेब म्हणाले, "असं कसं, तुमचे आजोबा ना?" मी म्हटलं, "म्हणूनच. परक्याचे असते तर मी तुम्ही म्हणाल तिथं सही करून कधीच घरी गेलो असतो." मग त्यांनी विचारलं, काढल्यावर ठेवणार कुठं. त्यावर पालिका म्हणाली कुटुंबानं न्यावा, आणि सरकार म्हणालं पालिकेनं न्यावा. एवढ्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं, की आपण न्यायचा नाही.

कलाबाई मागच्या खुर्चीवर होत्या. उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, माजं ऐका. ते खालचं लिवलेलं काडा, म्हातारा उभा ऱ्हायला तरी माजी हरकत न्हाई. आन माज्या आईचा हंडा द्या."

"कुठला हंडा?"

"नळावरनं यांच्या आज्यानं जप्त केल्याला. तांब्याचा. आईनं भांडेवाल्याकडनं नाव घालून घेतल्यालं, केशरबाई. घरी जाऊन लई रडली हुती ती. पान्यासाठी न्हाई, हंड्यासाठी."

दोन्ही साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. मग, सदर मागणी विषयाशी संबंधित नाही, असं दोघांच्या संमतीनं लिहून घेण्यात आलं. निकाल राखून ठेवलाय. एक समिती येऊन चौथ्या बोल्टची पाहणी करणार आहे.

मी घरी आलो आणि मला बसवेना. ताई, आपल्या आजीला तो हंडा स्वयंपाकघरात कसा चालला असेल? पाण्याला विटाळ होत होता, तांब्याला नव्हता. तांबं विस्तवात धरलं की शुद्ध. मोठी सोयीची माणसं होती आपली.

असो. वहिवाटीप्रमाणे भावजींना नमस्कार. इकडची हवा ठीक, दोर घट्ट.

तुझा धाकटा भाऊ,
शौनक

ता. क. : सोबत पुतळा काढण्याचं संमतीपत्र आहे. वारस आपण दोघंच. काकांनी हौसेनं पुतळा उभारला, त्यांची तू लेक, तुला जड जाईल हे कळतं. तरी सही कर. नाहीतर बेलापूरच्या तुमच्या शेतात नऊ फुटांची जागा काढ, मी आजोबांना टेम्पोत घालून पाठवतो. चिकूच्या झाडांना पाणी पाजतील.

आणखी एक ता. क. : सही नाही केलीस तरी चालेल, पण हे आजच्या आज कर. तुझ्याकडे कामाला येणाऱ्या मालनबाईंना तू हंड्यावरून नको ते बोललीस आणि कामावरून काढलंस, असं तूच सांगितलंस. त्यांना बोलाव, चहा दे आणि माफी माग. हंडा त्यांनी नेलेला नाही. मी नेला. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी एसटीनं पुण्याला आलो, शेजाऱ्यांकडून तुझी किल्ली घेतली. हंड्यातली तुझी सुकी फुलं बाथरूमच्या बादलीत आहेत. आजीच्या स्वयंपाकघरातून तुझ्याकडे आलेल्या त्या हंड्यावरच्या ‘केशरबाई’ या आपल्या खर्डा गावच्या पणजी, असं तू पाहुण्यांना सांगतेस. खर्ड्याला आपली कुणी पणजी नव्हतीच. एकदा आपल्या घरानं बाईच्या हातातून हंडा घेतला, तेवढं पुरे आहे, आता त्याच हंड्यावरून दुसऱ्या बाईचं काम नको घ्यायला.

शेवटचा ता. क. : दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आजीनंच आपल्याला शिकवलं. लाडू-चिवडा घालावा तर फारच उशीर झालेला. म्हणून काल सकाळी चौकात, ताडपत्रीखालच्या आजोबांच्या पायाशी बसून, त्याच नळावर हंडा भरला आणि खांद्यावर घेऊन बौद्धवाड्यात गेलो (गुडघ्यांचं विचारू नकोस). कलाबाई ओट्यावर होत्या. त्यांनी आधी नावावरून बोट फिरवलं, मग हंडा सगळीकडून फिरवून बघितला आणि एका जागी थांबल्या.

"ह्यो पोचा आमचा न्हाई."

मी म्हटलं, "नाही. तो आमच्याकडे पडला."

"व्हय," म्हणाल्या, आणि हंडा आत घेऊन गेल्या.