भोंग्याचा दिनविशेष

प्रिय,

आजच्या तारखेला जगात पूर्वी काय काय घडलं होतं, ते रोज सकाळी रेडिओवर सांगण्यात आयुष्य गेलं. कोण जन्मलं, कोण गेलं, कुठला पूल रहदारीला खुला झाला, कुठलं जहाज बुडालं. जगाचं सांगता सांगता घरचं मात्र सांगायचं राहून गेलं. आज ते सांगायचं आहे. तर तुझी चिठ्ठी मिळाली. वाचून झालेल्या स्क्रिप्टच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तू दोन ओळी खरडून पाठवल्यास. माझ्या सत्काराच्या दिवशी तुम्ही दोघी पहिल्या रांगेत बसा, लेकीनं वडिलांविषयी चार शब्द बोलावेत, लोकांना बरं वाटेल. आणि खाली, विसरलेलं आठवल्यासारखं, की माझं भाषणही लिहून पाठव, जरा भावुक असू दे. ते 'भावुक असू दे' वाचून मला हसता हसता ठसका लागला.

आठवतं का, रेडिओ स्टेशनच्या जिन्याखालची ती खोली? एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेले जाडजूड कोश. चारचौघांत मी तुला 'अहो' म्हणायचे आणि त्या खोलीत 'तू'. तारखा मी शोधायचे, वाक्यं मी लिहायचे, आणि तू माइकसमोर बसायच्या क्षणापर्यंत कागदाकडे ढुंकूनही पाहायचा नाहीस. आधी वाचलं की ताजेपणा जातो, म्हणायचास. मग मीच तुझ्या छातीचं माप घेऊन लिहायला शिकले. तुझा दम कुठे संपतो, कुठे तुला थांबायला हवं, तिथे पेन्सिलीनं तिरकी रेघ मारायची. जिभेला वळसे देणारं एखादं परकं नाव आलं की त्याच्या आधी रेघ हमखास. लोक म्हणायचे, काय पाठांतर आहे या माणसाचं, चालताबोलता कोश आहे. तू नुसता हसायचास. मीही मूग गिळून बसायचे, कारण तो आवाज संध्याकाळी माझ्याच घरी यायचा.

आपली लेक भोंगा झाली त्या दिवशीचा दिनविशेषही मीच लिहिला होता. जन्म लिहून झाले, मृत्यू लिहायला घेतले आणि कळा सुरू झाल्या. तू स्टुडिओत होतास. कार्यक्रम सोडून कसं निघणार, हे मलाही पटलं होतं तेव्हा. दुपारी आलास तोवर पोरीनं सगळं प्रसूतिगृह डोक्यावर घेतलं होतं. सुईण म्हणाली, ही काय मुलगी आहे की गिरणीचा भोंगा. तू खूश झालास, म्हणालास आवाज माझ्यावर गेलाय, आणि नाव ठेवूनच टाकलंस. दरवर्षी या तारखेला सगळ्या जगासोबत हिचंही नाव घेईन, असं तिच्या मुठीत बोट देऊन म्हणाला होतास. मी पडल्या पडल्या ऐकत होते.

कुठे घेतलंस? घरचं माइकवर आणायचं नाही, हे तुझं तत्त्व नेमकं पुढच्याच वर्षी निघालं. पोस्टमास्तरांच्या नातवाला शुभेच्छा दिल्यास, संचालकांच्या कुत्र्याचासुद्धा वाढदिवस जाहीर केलास. भोंगा मात्र दर वाढदिवसाला शाळेत जायच्या आधी एका पायात मोजा घालून रेडिओपुढे बसायची. दुसरा मोजा हातात तसाच. कार्यक्रम संपला की तो घालायची आणि दप्तर उचलायची. तुझ्या तत्त्वाचं मला कौतुक नव्हतं, पण तेव्हाही मी तुझीच बाजू तिला समजावून सांगत होते.

मग हवामानवाली आली. बातम्यांनंतर उद्याच्या पावसाचं सांगणारी. सगळ्या स्टेशनला अंदाज आला होता, आला नाही तो एकट्या मला. तू तिच्याकडे राहायला गेलास आणि मला वाटलं, आता स्क्रिप्ट तरी ती लिहील. छे. आठवडाभरात स्टेशनची गाडी दारात, ड्रायव्हर म्हणतो साहेबांनी लिफाफा मागितलाय. तेव्हापासून मी घरून लिहिते. लोकांनी मला वेडं ठरवलं, माझ्या बहिणीनं तर बोलणंच टाकलं. नोकरी माझी होती, ती मी तुझ्यासाठी का सोडू? आणि दुसरंही एक आहे, ते आज तोंडावर सांगते. रोज सकाळी मी जे तुझ्या तोंडात घालीन तेच तुला बोलावं लागायचं. हवामानवालीच्या हातचा चहा पिऊन गेलास तरी बोलायचास माझंच. त्याचं मला बरं वाटायचं. फार बरं वाटायचं.

भोंगा आता लोकांचे कान तपासते, हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. काचेच्या खोलीत पेशंटला बसवते, त्याच्या कानात बारीक आवाज सोडते आणि ऐकू आला की हात वर करा म्हणते. तुझी चिठ्ठी मी टराटरा फाडली होती. तिनं तुकडे टेबलावर जुळवून वाचली. मला वाटलं होतं ती माझ्याहून दोन शब्द जास्तच बोलेल. ती म्हणाली, जाऊ या का? एवढी मोठी झाली तरी तिच्या मनात तुझ्यासाठी जागा आहे, हे पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं निळा ड्रेस काढून इस्त्रीसुद्धा केला. दाराला लटकलेला तो ड्रेस दिसला की मला काही सुचायचं नाही. मग तीच म्हणाली, आधी बाबांचे कान तपासू. माझा वाढदिवस येतोच आहे, त्या दिवशीच्या जन्मांत मला घाल. त्यांना ऐकू आलं तर ते थांबतील. एक श्वासभर थांबले तरी मी पहिल्या रांगेत बसेन आणि चार शब्द काय, चाळीस बोलेन.

मी घातलं. एका खगोलशास्त्रज्ञाच्या नंतर आणि एका मल्लाच्या आधी. 'आजच्याच दिवशी जन्म झाला भोंगा या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या गुणी व्यक्तीचा, जन्मतःच त्यांच्या आवाजानं सारं प्रसूतिगृह जागं झालं होतं आणि वडील मात्र त्या वेळी रेडिओवर बोलत होते.' इतकं लांब वाक्य मी तुला कधी देत नाही. मधे कुठेतरी रेघ हवी होती. भोंगा या शब्दानंतर तर हवीच होती, तिथे थांबला असतास तर डोक्यात प्रकाश पडला असता. मी रेघ मारली नाही. पेन्सिल हातात होती, तरी मारली नाही. पोरीला वाटत होतं तू थांबावंस, आणि मला वाटत होतं तू सुसाट जावंस.

आणि गेलास की. लोण्यातून सुरी जावी तसा. एवढं लांब वाक्य एका दमात ओढलंस, तुझ्या दमाची कमालच म्हणायची. वर तुझी नेहमीची पदरची पुस्ती जोडलीस, 'काय माणसं होऊन गेली!' होऊन गेली. ती माझ्यासमोर बसली होती, हातात चहाचा कप होता. मल्लाचं सांगून झालं, गाणं लागलं. तिनं रेडिओ बंद केला आणि पेशंटच्या घरच्यांना सांगते त्या आवाजात मला सांगितलं, या बाजूनं काहीच येत नाहीये, मशीन लावूनही उपयोग नाही. मग डबा घेतला आणि कामावर गेली. निळा ड्रेस ती जाताना कपाटात ठेवून गेली होती. मी जिंकले होते. मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पण ती जिना उतरताना तिची पाठ दिसली आणि सगळा आनंद तुझ्यावरच्या रागात विरघळला. तिच्या वाढदिवशी तिच्या बापाला हरवायची पाळी माझ्यावर आणलीस, हे मी तुला माफ करणार नाही.

तेव्हा आम्ही दोघी येत नाही आहोत. ते सांगायला एक ओळ पुरली असती. पण तू भाषण मागितलं होतंस, आणि तुझं मागणं मी कधी मोडलेलं नाही. हेच ते भाषण. ज्या लिफाफ्यावर मी 'सत्काराचे भाषण' असं ठळक लिहिलं आहे, त्यात एवढंच आहे, दुसरा कागद शोधू नकोस. वर नुसतं 'प्रिय' लिहिलंय, कारण 'श्रोतेहो' तू सवयीनं स्वतःच जोडतोस. पहिली चार वाक्यं तुझ्या तोंडी शोभतील अशीच बेतली आहेत, पाचव्याला चिठ्ठी येते. आयुष्यात पहिल्यांदा कागद आधी वाचला असशील, तर तू अजून घरीच आहेस, समोर कुणी श्रोता नाही, हे फाड आणि स्वतःचं भाषण स्वतः लिही. नसशील वाचला, तर समोर सभागृह भरलेलं आहे आणि पहिल्या रांगेत दोन खुर्च्या रिकाम्या आहेत. पाचव्या वाक्याला थांबलास का रे? थांबला असशील तर भोंग्याला कुणीतरी कळवेलच. या वेळी मी तिथे रेघ मारली आहे, चांगली ठळक.

कागदापुरती तुझीच