सहज येऊन बसणारी पोरगी

दीक्षाचे बाबा,

तुम्ही गच्चीवर तूर वाळत घालत होता. मी भाकरी आटोपून खाली पोत्यातल्या तुरीला तेल चोळत बसले होते. दीक्षा बारावीत होती. कॉलेजच्या कपड्यांवरच आपल्या डाळमिलच्या दारात उभी, हातात खडू. गावोगावची माणसं वर्षाच्या डाळीसाठी घरची तूर आपल्याकडे आणायची आणि आदल्या उन्हाळ्यात पोत्यांवरून भांडणं झाली होती, आठवतं ना? कोण आधी आलं, कोणाची डाळ कोणाच्या पोत्यात गेली! म्हणून त्या वर्षी तिनं गावांना वार वाटून दिले. सोमवारी धानोरा, मंगळवारी लोणी. पोतं उतरलं की त्यावर खडूनं गावाचं आणि घराचं नाव.

लोणीचे एक काका सोमवारीच आले.

"काका, तुमचा वार उद्या हाय."

"अवं, ऑटोचं भाडं देऊन आलो न मी!"

"मंग पोतं ठेवून जा. पण मशीनवर उद्याच चढन."

काका तुमच्याकडे मान वर करून हसले. "बाप्पा! लय कडक मॅनेजर ठेवली भाऊ तुमी. पगार काय देता?"

तुम्ही गच्चीवरूनच ओरडलात, "तिले कायचं काम? सहज येऊन बसते ती!"

दीक्षानं पोत्यावर 'लोणी' लिहिलं, हात झटकले आणि कॉलेजला गेली. एवढीच ती सकाळ. मी विसरूनही गेले असते.

पण परवा शनिवारी तेच वाक्य तिच्या तोंडून ऐकलं. म्हणून आज लिहायला बसले. मनात तुमच्याशी रोजच बोलते, पण हे मनात मावेना.

तुम्ही गेल्यावरची ही दुसरी तूर. दीक्षाला अकोल्याच्या बियाण्यांच्या कंपनीत लागून सव्वा वर्ष झालं. भाऊजींकडे राहते, शुक्रवारी संध्याकाळच्या गाडीनं नांदगावला घरी येते, दोन दिवस मिल चालवते आणि सोमवारी सकाळी परत जाते. मधल्या पाच दिवसांत मी पोती उतरवून घेते, तेल चोळते, वाळवते. मशीन तिची वाट बघतं.

तिनं एमबीएची प्रवेश परीक्षा दिली, हे तुम्हाला सांगायचंच राहिलं होतं. मार्क चांगले आले. पण मार्क आले आणि घरातली झोप गेली. यंदा अर्ज करायचा की थांबायचं? ऑफिसातली मुलं म्हणतात, दोन-तीन वर्षं नोकरी कर, मग मोठ्या कॉलेजात भाव येतो. सव्वा वर्षाच्या अनुभवावर तिथं तू बोलणार काय? भाऊजी म्हणतात, जायचं तर यंदाच जा, पुढं पोरीच्या जातीला वेळ मिळत नाही. आणि दीक्षा मला विचारते, "आई, तुले काय वाटते?"

मला काय वाटणार! चौथी शिकलेली मी. पुढचं सगळं वाचून शिकले, तुम्ही अमरावतीहून रद्दीच्या भावात आणलेल्या पुस्तकांवर आणि विहारातल्या कपाटावर. विहारात जाऊन यावरही काही मिळतं का पाहिलं. मिळालं नाही. गेला महिना माझं कशात लक्ष नाही. दूध उतू जातं. तेल चोळलेल्या ढिगाला मी पुन्हा तेल चोळते. थांब म्हणावं, तर ती थांबेल. जा म्हणावं, तर जाईल. एवढं कोणाच्या हाती द्यावं का हो?

शनिवारी दुपारी तिनं मला तुमच्या खुर्चीत बसवलं. अर्ज भरायच्या आधी मुलाखतीचा सराव करून पाहायचा होता. मोबाइल माझ्या हातात दिला, त्यात प्रश्न होते.

"सायबीणीवानी बस," म्हणाली. "हसू नको."

मी चष्मा लावून विचारलं, "आपला कामाचा अनुभव सांगा."

"एक वर्ष तीन महिने."

"बस?"

"बस. तेच तर रडणं हाय."

"आन मिलीचं?"

"मिलीचं काय? ते घरचं हाय आई. मी तर सहज येऊन बसतो."

तुमचेच शब्द! तोच सूर! मी मोबाइल मांडीवर ठेवला.

मग मी साहेबीण राहिले नाही. म्हटलं, "गावाले वार कोनं वाटून देल्ले? बाबाले दवाखान्यात ठेवलं होतं तवा अख्खा उन्हाळा कोनं काढला? चार गावच्या लोकायले तोंड कोनं देल्लं? धानोऱ्याची डाळ चुरा झाली तवा आपल्या घरची डाळ बदलून द्याचं कोनं ठरवलं? मी तर नाई म्हनत होती!"

"ते काम असते काय?"

"मंग काय असते?"

तिनं माझ्या मांडीवरचा मोबाइल उचलून घेतला.

तुम्ही तसं का म्हणायचा, ते मला ठाऊक आहे. पोरीच्या जिवावर मिल चालवतो, असं कोणी म्हणू नये म्हणून. आपल्याकडे सगळेच तसं म्हणतात. बाई दिवसभर वावरात निंदण करते आणि विचारलं तर घरीच असते. पण तुम्ही तर मनातून तिच्यावर खूश होता ना! मला सांगायचा, पोरीचं डोकं चालते. मग तिच्यासमोर एकदा तरी का नाही म्हणालात? लोकांसाठी बोललेलं तिनं खरं धरलं हो! आता कोणी विचारलं की स्वतःच स्वतःला पुसून टाकते.

वाटलं, चला, गाठ सुटली. अनुभवाचा प्रश्न मिटला. पण रविवारी सकाळी ती तुरीवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "तरी थांबतोच. दोन वर्षं. अनुभव वाढन."

"अनुभवासाठी थांबून राहिली का?"

"हो."

"माह्याकडं पाहून सांग."

तिनं पाहिलं नाही. झारी हलवत राहिली, एकाच जागी, तिथली तूर भिजून काळी पडेपर्यंत. मग म्हणाली, "दोन वर्षांत तुहं काईतरी मार्गी लागन न. मी गेली तं मशीन कोन चालवन?"

म्हणजे हे होतं! महिनाभर आम्ही अनुभव, अनुभव करत होतो आणि मधे उभी होते मी.

खरं सांगू? ऐकून आधी बरं वाटलं. घरात कोणीतरी शुक्रवारी येणार, दार वाजणार, ती आल्या आल्या डबा उघडून काय आहे बघणार. हे सुटावं असं मला कुठं वाटतं? ती गेली की मी बोलू कोणाशी? तुम्ही तर उत्तर देत नाही.

पण बरं वाटलं तेवढ्यावरच लाज वाटली. म्हटलं, "दीक्षा, सायबाच्या प्रश्नासाठी थांबत असशीन तं थांब. ज्या कॉलेजले तीन वर्षंच पायजे, तिथं यंदा नको भरू. पन माह्यासाठी थांबू नको. त्याचा अर्ज मी घेत नाई."

"तुले मशीनचा पट्टा तरी चढवता येते का?"

"शिकव."

"बाबानं तुले कधी हात लावू देल्ला नाई."

"बाबानं लय काई केलं नाई."

हसली शेवटी. चिडू नका, पण हे खरंच आहे. पदर अडकंल, पदर अडकंल करत तुम्ही मला त्या मशीनपासून जन्मभर हातभर लांब ठेवलं. तुमची काळजी होती, कळतं. पण वावरात जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा शर्ट घालतात, हे तुम्हाला दिसलं नाही का कधी? तुमचे सगळे शर्ट मी देऊन टाकले होते. निळा तेवढा ठेवला. त्यावर तेलाचे डाग आहेत, कोणी घेतला नसता, असं मी लोकांना सांगते. तो काढला, पदर आत खोचून वरून बटणं लावली. दीक्षा माझ्याकडे बघतच राहिली. मग पाठ फिरवून मेन स्विच बंद करायला गेली.

आधी स्विच बंद. पट्टा छोट्या चाकावर बसवायचा, मग मोठ्या चाकाच्या कडेला धरून चाक हातानं फिरवायचं, की तो आपोआप चढतो. पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा माझं बोट चेमटलं. "राहू दे," ती म्हणाली. मी राहू दिलं नाही. दुपारपर्यंत चारदा उतरवून चारदा चढवला.

संध्याकाळी तिनं अर्ज भरले. रविवार शेवटचा दिवस होता. कामाच्या रकान्यात कंपनीच्या वर तिनं मिल लिहिली, आणि मला वाचून दाखवलं. वाचताना आवाज बारीक केला, जणू कोणी गच्चीवरून ऐकत होतं. नाव लागेल की नाही, मला माहीत नाही. तिलाही नाही. नाहीच लागलं तर पुढच्या वर्षी पुन्हा भरेल, तेव्हा सव्वाचं सव्वादोन झालेलं असेल. चुकलं तर नाही ना, असं दर तासाला वाटतं. तुम्ही असता तर काय म्हणाला असता?

एक शब्द देते तुम्हाला. यापुढं कोणी विचारलं, मिल कोण चालवतं, तर सहज येऊन बसते असं मी म्हणणार नाही. तिच्याबद्दल नाही, आणि माझ्याबद्दलही नाही.

आज सोमवार, धानोऱ्याचा वार. दीक्षा सकाळच्या गाडीनं अकोल्याला गेली. मी भाकरी आटोपली, तुमचा शर्ट घातला, पट्टा चढवला आणि मशीन चालू केलं.

तुमची,
शोभा