दीपाची बोट सुटण्याआधी

मी, सुमित्रा राजाराम चोगले, वय वर्षं त्र्याहत्तर, मूळ राहणार हर्णै, हल्ली मुक्काम मुलाच्या घरी, सिएटल, अमेरिका, हा कागद राजीखुशीने लिहिते. शिक्षण दुसरीपर्यंत, अक्षर माझंच. माझं डोकं ठिकाणावर नाही असं ज्याला वाटेल त्याने मला शिळा मासा ताजा म्हणून विकून दाखवावा.

घाई का, तर नात दीपा मंगळवारी बोटीने अलास्काकडे निघते आणि मला भीती वाटते. घाबरलेल्या माणसाने कागदपत्रं आधी उरकावीत.

१. हर्णैचं घर आणि मागचं मासळी वाळवायचं खळं माझा एकुलता मुलगा पुरुषोत्तम याला. खळ्यात मासळी वाळवायची मुभा जाऊ पद्मिनी हिला हयातभर राहील. घरात पाऊल टाकायची नाही. कारण लिहून ठेवते. पावसाच्या तोंडावर आमचे यजमान मासेमारीचा मचवा समुद्रात काढायला निघाले होते. मी त्यांना पोराच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली की जाणार नाही. गेलेच. फक्त मला सांगितलं नाही. जाळ्याचं सूत आणायला दापोलीला जातो म्हणाले. वादळ सुरू होतं ते तीन दिवस मी दापोलीच्या रस्त्याकडे बघत बसले, समुद्राकडे पाठ करून. पद्मिनीला खरं ठाऊक होतं. माझ्याबरोबर विहिरीवर पाणी भरत होती आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. मचव्याची फळीसुद्धा मिळाली नाही.

२. माझी विळी सून शोभा हिला. ती पुण्याची, शाकाहारी. चौदा वर्षं माझी विळी आणि मासळीची शेगडी तिने गॅरेजात ठेवली. विळी आता स्वयंपाकघरात ठेवावी, एवढंच मागणं. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा काटे काढून मला मासा तिनेच भरवला, नाकाला पदर लावून. ते मी धरून आहे.

३. सोन्याच्या दोन पाटल्या दीपाला. ह्या कलमात आधी अट होती. ती मी खोडली आहे. खाडाखोड दिसेल, त्यावर माझी सही आहे.

दीपा युनिव्हर्सिटीत पोलॉक नावाच्या माशाच्या पिलांवर शिकते. मला एकदा बरणी दाखवली. पिलू नखाएवढं, पोट आरपार दिसतं, आत काही नाही. ती म्हणाली, अंड्यातली शिदोरी आठवडाभर पुरते. मग चार-पाच दिवसांत खायला मिळालं नाही तर पिलू मरतं. त्याचं खाणं म्हणजे डोळ्याला न दिसणारे किडे. समुद्र शांत असला तर ते एका थरात जमतात. वारा सुटला की विखुरतात, आणि पिलं थंड पाण्यात खुल्या समुद्राकडे वाहून जातात. वसंतातला एक आठवडा वाईट गेला की चार वर्षांनी लोकांची जाळी रिकामी. चाळीस वर्षं मी मासे कापले, एकाची कीव केली नाही. त्या बरणीकडे मात्र बघवलं नाही.

मी म्हटलं, मग वारा सुटला की बोट बंदरात येत असेल. तर हसली.

"आजी, स्टॉर्म आलं नाही तर माझी सगळी ट्रिप वेस्ट. आधी किती पिलं आणि नंतर किती, तेच तर काउंट करायचंय."

वादळ यावं म्हणून बोट काढणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. ते माझ्याच घरात निघालं.

म्हणून अट लिहिली की बोटीवर जाणार नाही अशी शपथ घेईल तरच पाटल्या. तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "ओके आजी, नाही जात." आणि माझ्याकडे बघितलं नाही. तसं न बघणं मी आधी एकदा पाहिलं आहे. तिच्यासमोरच अट खोडली. जाशील तर सांगून जा, म्हटलं. मला निदान कुठे बघायचं ते कळेल.

४. शेजारचा विवेक छापील फॉर्म घेऊन आला. त्यात वारस माझ्याआधी वारला तर काय, असा रकाना आहे. "आजी, लिहावंच लागतं," म्हणतो. मी दीपाच्या नावापुढे काही लिहिणार नाही. फारच आग्रह असेल तर त्याने स्वतःच्या मृत्युपत्रात लिहावं.

५. बोट समुद्रात असताना मला काही झालं तर रेडिओवर कळवू नये. बोटीला माघारी बोलावू नये. मला लगेच जाळावं, तिच्यासाठी ठेवू नये. रडणाऱ्या माणसाचा ओल्या फळीवरून पाय सुटतो. जाळं वर येताना तिची नजर दोरावर हवी. तिचा फोन आलाच तर आजी झोपली आहे म्हणावं. पुरुषोत्तमला खोटं बोलता येत नाही, म्हणून फोन शोभाने घ्यावा. बोट धक्क्याला लागून दीपाचे दोन्ही पाय जमिनीवर आले की मगच सांगावं.

सही: सुमित्रा राजाराम चोगले
साक्षीदार: विवेक कर्णिक, कांचन सबनीस. दोघांनाही ह्यातलं काही मिळायचं नाही, चहा दिला आहे.
सिएटल, शनिवार, ११ एप्रिल १९८७. खिडकीबाहेर वारा आहे.