खुर्ची वळेल एवढं स्वयंपाकघर

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, पण येलहंक्याच्या घराच्या वास्तुशांतीचा दिवस आठवला की मी आजही आ वासून बसते. असं कुणी करतं का गं? तेही स्वतःच्या पोटच्या मुलीला अंधारात ठेवून?

मणक्याच्या दुखण्यानं तुझे पाय गेले तेव्हा आपण भाड्याच्या घरात होतो. तुझी चाकांची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारातच अडायची आणि तू तिथून अण्णांना सांगायचीस, "मीठ स्वल्प कमी घाला हो." मी तेव्हा एका आर्किटेक्टकडे नकाशे काढायला होते. नव्वदीची मधली वर्षं, अपंगांसाठी नवा कायदा नुकताच आलेला. खुर्ची जागच्या जागी वळायला पाच फुटांचा गोल मोकळा लागतो, हे मी ऑफिसातच शिकले. पण ते सगळं कचेऱ्या, दवाखाने, स्टेशनं यांच्यासाठी. येलहंक्याला बांधायच्या आपल्या घराचा नकाशा मंजुरीला नेला आणि विचारलं, तर कारकून हसून कन्नडात म्हणाला, "मनेगे रूल इल्ला अम्मा." घराला नियम नाही! म्हणजे बाईनं दवाखान्यात ऐटीत वळावं आणि स्वतःच्या घरात अडकून बसावं? माझं डोकंच फिरलं. नियम नसला तर नसो, म्हटलं, मी करते. ओटा खाली घेतला, त्याच्याखाली गुडघे जातील अशी पोकळी ठेवली, मधोमध कंपासनं तो गोल काढला. तुला दाखवला तेव्हा तू म्हणालीस, "गोल छान काढलायस." आणि मी हुरळून गेले.

मग बांधकाम सुरू झालं आणि ऑफिसनं मला म्हैसूरच्या कामावर धाडलं. परतले ती थेट वास्तुशांतीच्या आदल्या संध्याकाळी, पाहुण्यांच्या गर्दीत; स्वयंपाकघरात डोकावणंही झालं नाही. सकाळी होम झाला, दूध उतू घालवायची वेळ झाली. ते घरच्या बाईनंच करायचं, म्हणून मी मोठ्या दिमाखात तुझी खुर्ची आत ढकलते, आणि खाडकन पाय ठेवायची पट्टी भिंतीवर आपटते. पुढे जाईना, वळेना. माझे पाच फूट गेले कुठे? आत्या कुजबुजली, "अगंबाई, आता दूध कोण तापवणार?" मी तिथंच मेस्त्रीवर ओरडले, भिंत कुणी सरकवली म्हणून. तो बिचारा तुझ्याकडे बघत म्हणाला, "अम्मा हेळिदरू." अम्मांनीच सांगितलं.

"मीच सांगितलं," तू शांतपणे म्हणालीस. "भिंत आत घे, ती जागा व्हरांड्याला दे, म्हटलं. लग्न होऊन आले तेव्हापासून चुलीपुढे होते मी. पाय गेले तेव्हा रडले, खोटं कशाला बोलू? पण एवढ्यातून तरी सुटले असं वाटलं होतं. आणि तू निघालीस माझ्या मापाचा ओटा बांधायला! खुर्ची आत गेली की जन्मभर मी आत. कळतंय का तुला?"

आई, कुणी थोबाडीत मारावी तसं झालं मला. तुला स्वयंपाक आवडत नव्हता? तुला? ज्या बाईच्या पंगतीचं कौतुक पार लांबच्या के. आर. पुरमपर्यंतचे नातेवाईक करायचे, तिला? मग तू अण्णांना म्हणालीस, "तुम्ही तापवा दूध. घर तुमचंही आहे ना?" अण्णा सोवळं सावरत आत गेले आणि एवढं दूध उतू घालवलं की स्टोव्हच विझला. सगळे हसले. मला हसू येईना.

त्यानंतर तू व्हरांड्यातच राज्य केलंस. डोक्यावरून हवाई दलाची विमानं जात, आणि तू खाली येणाऱ्याजाणाऱ्याची कन्नडात चौकशी करत बसायचीस. इतकी बोलकी आई मी आधी पाहिलीच नव्हती. घरालाही नियम हवा, हे मी आजही जिथंतिथं भांडून सांगते. दार मोकळं असावं, आत जायचं की नाही ते बाईनं ठरवावं. हे तुलाही पटलं असतं.

पण हे पत्र कुठल्याच पत्त्यावर जायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तो गोल काढताना माझ्या डोक्यात तुझी खुर्ची कमी आणि तुझ्या हातची आमटीच जास्त होती. अण्णांच्या हातचं खाऊन खाऊन मी कंटाळले होते गं.