खुर्च्या उचलणारे काका

अहो,

झालं एकदाचं तुमचं कौतुक. जिवंतपणी कुणी पाण्याला विचारलं नाही, आणि तुम्ही गेल्यावर म्हणे उत्कृष्ट स्वयंसेवक! पहिल्या रांगेत तुमच्या नावाची खुर्ची रिकामी ठेवली होती. शेजारी मी, बक्षिसाची ढाल मांडीवर घेऊन.

चहा संपला तशी माणसं पांगली. कार्यक्रमानंतर तुम्ही करायचात, तशा मी खुर्च्या एकात एक रचायला घेतल्या. थोड्याच झाल्या. तेवढ्यात हॉलचा वॉचमन कुलूप घेऊन आला.

"काकू, ते खुर्च्या उचलणारे काका आज आले नाहीत का?"

मी म्हटलं, "येतायत."

मग मी तुमच्या खुर्चीशेजारी जाऊन बसले. तोही बिचारा दाराशी वाट बघत थांबला.

तुमचीच